‘बॅड डे ॲट ब्लॅक रॉक’ : मौन आणि साक्ष

जॉन स्टर्जेस यांच्या ‘बॅड डे ॲट ब्लॅक रॉक’ (१९५५) या चित्रपटाची गणना सामान्यतः उत्कंठाप्रधान गुन्हेपटांत केली जाते. हे वर्गीकरण चुकीचे नव्हे. परंतु त्यातील रहस्य गुन्हेगाराचे नाव कळल्याने संपत नाही. गुन्हा चार वर्षे झाकलेला कसा राहिला, हा येथे अधिक महत्त्वाचा प्रश्न होय.

कथानक थोडके आहे. १९४५ मध्ये, महायुद्ध संपल्यावर, मॅक्रीडी हा एका हाताने अधू झालेला माजी सैनिक वाळवंटातील एका लहानशा गावी उतरतो. आगगाडी तेथे चार वर्षांत प्रथमच थांबलेली असते. इटलीत त्याचे प्राण वाचविताना मरण पावलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकाचे पदक त्याच्या पित्यास, कोमोकोस, द्यावे एवढाच त्याचा हेतू असतो. मात्र कोमोकोचे नाव निघताच गाव मुके होते. लष्करभरतीत नाकारला गेलेला रेनो स्मिथ पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर आपल्या साथीदारांसह कोमोकोवर चालून गेला होता व त्यात कोमोकोचा बळी पडला होता. स्मिथने दिलेल्या निर्जल जमिनीत कोमोकोने विहीर खणून पाणी काढले होते, हा सलही त्यामागे होता. देशप्रेमाच्या आवरणाखाली वंशद्वेष व मत्सर कसे नांदतात, हे यावरून स्पष्ट होते.

स्मिथची थाप विशेष विचारार्ह आहे. कोमोकोला सरकारी छावणीत नेले, असे तो सांगतो. ही थाप खपण्याजोगी होती, कारण रूझवेल्ट यांच्या फेब्रुवारी १९४२ मधील ९०६६ क्रमांकाच्या आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना खरोखरच छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते. शासनाच्या अन्यायाआड एका खुन्याला सहज लपता येते. चित्रपटातील हा सर्वांत मर्मभेदी तपशील होय.

सिनेमास्कोपच्या रुंद चौकटीत माणसे एकमेकांपासून दूर, निश्चल उभी दिसतात. गावाचे अपराधी मौन या रचनेतून सूचित होते. परंतु चित्रपटाचेही स्वतःचे एक मौन आहे. कोमोको किंवा त्याचा पुत्र पडद्यावर येतच नाही. त्यांची व्यथा इतरांच्याच मुखातून कळते. अखेरीस तर, गावाला सावरण्यास साह्य व्हावे म्हणून डॉक्टर ते पदक मागतो आणि मॅक्रीडी ते देतो. ज्या गावाने पित्याचा खून पचविला, त्याच्याच पदरी पुत्राच्या शौर्याचे चिन्ह पडते.

स्मिथला शासन होते. छावण्यांच्या धोरणाला चित्रपट जाब विचारीत नाही. अमेरिकन शासनाने त्याबद्दल क्षमायाचना केली ती १९८८ च्या कायद्याने. तथापि, त्या अन्यायाचा निर्देश १९५५ मध्येच लोकप्रिय गुन्हेपटात व्हावा, हे या कृतीचे श्रेय मान्य करावे लागते. आणि बळीला चेहरा न देताच न्यायाची कथा पुरी झाल्याचे तिने मानावे, ही तिची मर्यादाही.