किशोरांच्या कायद्याची मराठी : संज्ञा, वाक्य आणि बोली

कायद्याचे अज्ञान ही बचावाची सबब होऊ शकत नाही, हे न्यायतत्त्व सर्वपरिचित आहे. परंतु मराठीच्या कायदेविषयक परिभाषेत अठरा वर्षांखालील व्यक्तीचे नावच मुळी 'अज्ञान' असे आहे. सातबाराच्या उताऱ्यावरील 'अ. पा. क.' ही अक्षरे 'अज्ञान पालनकर्ता' याचा संक्षेप होत. एकाच शब्दाच्या या दोन उपयोगांत मोठे अंतर आहे. पहिल्यात अज्ञान म्हणजे न कळणे. दुसऱ्यात ती निव्वळ वयाची अवस्था असून अठरावे वर्ष पूर्ण होताच ती आपोआप संपते. तथापि सज्ञान होण्याच्या कितीतरी आधी मनुष्य कायद्यास उत्तरदायी झालेला असतो. भारतीय न्याय संहितेनुसार (२०२३) सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही. सात ते बारा या वयात त्याची समज कितपत परिपक्व आहे हे पाहावे लागते. बारानंतर ही सवलतही उरत नाही. म्हणजे बारा ते अठरा ही सहा वर्षे किशोर नावाने अज्ञान, पण कृतीने जबाबदार असतो. त्याचे हक्क आणि त्याची जबाबदारी आपण त्याला कोणत्या मराठीत सांगतो, याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल दोडामार्ग तालुका घेतला आहे, त्यास कारण आहे. पूर्वी सावंतवाडी तालुक्यात मोडणारा हा मुलूख गोव्याला व कर्नाटकाला भिडलेला आहे. येथील मुले घरी मालवणी बोलतात, शाळेत प्रमाण मराठी शिकतात आणि शिक्षणासाठी वा कामासाठी गोव्यात जा-ये करतात. महाराष्ट्रात बियरसाठी एकवीस व कडक मद्यासाठी पंचवीस ही वयोमर्यादा आहे. सीमा ओलांडली की ती अठरा होते. गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा करून त्याखाली वेगळे न्यायालय नेमले. तेथील कौटुंबिक कायद्याचे मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. उलट वाहन चालवण्याचा कायदा दोन्ही बाजूंना एकच : २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. कोणता नियम नाक्यावर बदलतो आणि कोणता बदलत नाही, हे दोडामार्गच्या मुलाला नित्याच्या व्यवहारासाठी कळणे आवश्यक आहे.

प्रथम संज्ञांचा विचार करू. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात अपराधी अल्पवयीनासाठी उघड दोषवाचक शब्द होता. २००० च्या व पुढे २०१५ च्या कायद्याने तो टाकला. २०१५ च्या कायद्यात तर मुलाविषयीच्या कार्यवाहीत दोषारोपाचे व कलंक लावणारे शब्द वापरू नयेत, हे एक मूलतत्त्व म्हणूनच नमूद आहे. शब्दार्थाविषयीचे तत्त्व कायद्यानेच घालून द्यावे, ही भाषाभ्यासकाने मुद्दाम लक्षात घ्यावी अशी गोष्ट आहे. त्या धोरणातून मराठीत 'बालगुन्हेगार' जाऊन 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा शब्द आला.

हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु घडण तपासली पाहिजे. 'विधी' म्हणजे सामान्य मराठी भाषकाला लग्नातला वा श्राद्धातला विधी, फार तर विधिलिखित. 'संघर्ष' हा आपल्या सार्वजनिक भाषेत गौरवाचा शब्द आहे. आणि 'ग्रस्त'? तिळारी धरणाच्या तालुक्यात 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, प्रकल्पग्रस्त : या सर्वांवर बाहेरून संकट कोसळलेले असते, त्यात त्यांचे स्वतःचे काहीच कर्तृत्व नसते. म्हणजे या संज्ञेने दोष काढताना कर्ताही काढून टाकला. कायद्याची भूमिका मात्र तशी नाही. सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर निर्घृण अपराधाचा आरोप असेल तर कृत्याचे परिणाम समजण्याची त्याची कुवत मंडळाने तपासावी, असे तोच कायदा सांगतो. शिवाय कलंकही टळलेला नाही. वृत्तपत्रांच्या गुन्हेवार्तांत हा शब्द जुन्या शब्दाच्या जागी जसाच्या तसा बसला आहे. 'बालक' या शब्दाचेही तसेच. बालवाडी व बालगीत यांच्याशी जोडलेला हा शब्द सतरा वर्षांच्या मुलाला आपला वाटत नाही. त्यामुळे त्यातील संरक्षणही त्याला आपले वाटत नाही.

परंतु माझ्या मते संज्ञेपेक्षा मोठा दोष वाक्यरचनेत आहे. शासकीय मराठीचा आवडता प्रयोग '-ण्यात यावे' हा होय. 'बालकास मंडळासमोर सादर करण्यात यावे' या वाक्यात सादर करणारा कोण? हक्क म्हणजे कोणीतरी आपल्यासाठी करावयाचे कर्तव्य. ते करणारा वाक्यातून नाहीसा झाला की हक्क मागावयाचा कोणाकडे, हेच कळत नाही. तेच असे सांगता येईल : 'पोलिसांनी तुला ताब्यात घेतले, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्यांनी तुला बाल न्याय मंडळापुढे नेलेच पाहिजे. ते तुला कोठडीत ठेवू शकत नाहीत.' येथे अर्थ तोच, पण कर्ता जागेवर आहे.

जबाबदारीची गोष्ट याहून वेगळी नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगर भागात मोटारीच्या धडकेने दोघांचा मृत्यू झाला. आरोपी सतरा वर्षांच्या मुलास जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली. त्यावर जी टीका झाली ती अटीच्या सौम्यपणावर झाली आणि ती स्वाभाविक होती. परंतु निबंध या लेखनप्रकाराकडे कोणाचे लक्ष गेले नाही. शालेय निबंधाची मराठी 'वाहतुकीचे नियम पाळले पाहिजेत' अशी असते. तिच्यात 'मी' येत नाही. 'जबाबदारी' हा शब्द 'जबाब' यापासून आला आहे. जबाब म्हणजे उत्तर, आणि ते प्रथम पुरुषातच द्यावे लागते. मी काय केले, कोणाचे काय झाले, हे सांगता येणे ही जबाबदारीची पहिली पायरी होय.

हाच 'जबाब' आपल्याला बोलीच्या प्रश्नाकडे नेतो. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा भाषेच्या बाबतीत असामान्य आहे. मुलाने दिलेली माहिती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवावी, गरज पडल्यास दुभाषी द्यावा, आणि जबाब मुलाने सांगितला तसाच लिहावा, असे तो सांगतो. आता मालवणीत मुलगी म्हणजे 'चेडू', आणि हा शब्द नपुंसकलिंगी. 'तो इलो' हे पुल्लिंग, 'ती इली' हे स्त्रीलिंग, 'ता इला' हे नपुंसकलिंग. मैत्रिणीविषयी बोलणारी मुलगी सहज 'ता इला' म्हणेल. प्रमाण मराठीत '-ला' हा प्रत्यय पुल्लिंगाचा. बोलीशी अपरिचित लेखनिकाने शुद्ध करण्याच्या भरात 'तो आला' असे लिहिले, तर जबाबातील मुलीचा मुलगा होतो आणि उलटतपासणीत साक्षीदार मुलगी खोटी ठरू शकते. 'सांगितला तसाच' या शब्दांचे मोल येथे कळते. आपली भाषा बदलून न घेता ऐकली जाणे हा त्या मुलीचा हक्क आहे, आणि तो तिला कोणी सांगितलेला नसतो.

यावर एक आक्षेप संभवतो. कायद्याला निश्चितार्थक शब्द हवेत आणि ते संस्कृतातूनच घडवावे लागतात, असे म्हटले जाईल. हा आक्षेप अर्धा खरा आहे. राज्य भाषा संचालनालयाने १९६० पासून घडवलेली परिभाषा नसती तर जिल्हा व तालुका न्यायालयांत १९९८ साली मराठीचा अवलंब करणे कठीण गेले असते. तेव्हा अभिलेखातील संज्ञा बदलाव्यात असे माझे म्हणणे नाही. परंतु न्यायाधीशासाठी घडवलेला शब्द नववीच्या विद्यार्थ्यापुढे तसाच ठेवणे म्हणजे शिकवणे नव्हे.

शाळांसाठी तयार होणाऱ्या पुस्तिकांत तीन गोष्टी सहज करता येतील. अधिकृत संज्ञेशेजारी कर्ता व क्रियापद असलेले एक साधे वाक्य द्यावे. प्रत्येक हक्काबरोबर तो पुरवणे कोणाचे काम आहे हे पदनामाने सांगावे, आणि प्रत्येक जबाबदारी प्रथम पुरुषात मांडावी. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात तिसरा स्तंभ बोलीचा असावा व पोलीस-लेखनिकांनाही तो शिकवावा. पुस्तिका उपयोगी पडली की नाही, याची कसोटीही सोपी आहे : ती मिटून ठेवल्यावर विद्यार्थ्याला 'कोणी माझ्यासाठी काय केले पाहिजे आणि मी काय करता कामा नये' हे स्वतःच्या वाक्यात सांगता आले पाहिजे.