जगज्जेत्याचा पट : ‘रिस्क’ या खेळाच्या नियमांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

कथा-कादंबरी, चित्रपट, जाहिरात यांची चिकित्सा आपल्या महाविद्यालयीन अभ्यासात आता रूढ झाली आहे. खेळाकडे मात्र अजूनही प्रायः मनोरंजनाचे वा शारीरिक शिक्षणाचे साधन म्हणून पाहिले जाते. वस्तुतः खेळाचे नियम हीदेखील एक संहिता असते. काय करता येते, काय करता येत नाही, कशाचे बक्षीस मिळते आणि कशाचा दंड बसतो हे नियम ठरवितात. त्यातून जगाविषयीची एक विशिष्ट कल्पना खेळणाऱ्याच्या मनात नकळत रुजते. प्रस्तुत लेखात ‘रिस्क’ या जगप्रसिद्ध पटखेळाची निर्मिती व नियम यांच्या आधारे या कल्पनेचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी

या खेळाचे जनक आल्बेर लामोरीस हे फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक होत. एक लहान मुलगा आणि त्याच्यामागे पॅरिसच्या रस्त्यांतून फिरणारा लाल फुगा यांची कथा सांगणारा त्यांचा ‘द रेड बलून’ हा लघुपट १९५६ साली आला आणि त्याच्या पटकथेला ऑस्कर पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, मीरो कंपनीने लामोरीस यांचा पटखेळ फ्रान्समध्ये प्रकाशित केला. त्याचे मूळ नाव ‘जगाचा विजय’ अशा अर्थाचे होते. १९५९ मध्ये पार्कर ब्रदर्स या अमेरिकन कंपनीने तो ‘रिस्क’ या नावाने बाजारात आणला. १९७० मध्ये इराणमध्ये चित्रीकरण सुरू असताना हेलिकॉप्टरच्या अपघातात लामोरीस यांचा मृत्यू झाला.

हा काळ फ्रेंच साम्राज्याच्या उतरणीचा होता. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या पराभवाने इंडोचायना हातचा गेला, त्याच वर्षी अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि १९५६ मध्ये मोरोक्को व ट्युनिशिया स्वतंत्र झाले. लामोरीस यांना या घडामोडींवर भाष्य करावयाचे होते, असे यावरून म्हणता येणार नाही. तथापि प्रत्यक्ष जगात साम्राज्ये कोसळत असताना घरातील मेजावर जग जिंकण्याचा डाव मांडला गेला, हा योगायोग अभ्यासकाने नोंदविण्याजोगा आहे.

नियमांची रचना

पटावर सहा खंडांत विभागलेले ४२ प्रदेश असतात. प्रत्येक पाळीच्या आरंभी खेळाडूला त्याच्या ताब्यातील प्रदेशांच्या संख्येला तीनने भागून येईल तेवढ्या नव्या तुकड्या मिळतात. निदान तीन तर मिळतातच. संपूर्ण खंड ताब्यात असल्यास अधिक तुकड्या मिळतात : आशियासाठी ७, युरोप व उत्तर अमेरिका यांसाठी प्रत्येकी ५, आफ्रिकेसाठी ३, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांसाठी प्रत्येकी २. आशियात १२ प्रदेश असून त्यांपैकी पाच परक्या खंडांना भिडलेले आहेत, तर चार प्रदेशांच्या ऑस्ट्रेलियात शिरण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे सयाममधून इंडोनेशियात. म्हणून जाणता खेळाडू मोठ्या बक्षिसामागे न धावता लहान पण राखता येण्याजोग्या भूमीपासून आरंभ करतो.

युद्धाचा निर्णय फाशांनी होतो. आक्रमक जास्तीत जास्त तीन व बचाव करणारा दोन फासे टाकतो. उतरत्या क्रमाने तुलना होते आणि बरोबरी झाल्यास बचाव करणारा जिंकतो. तीन विरुद्ध दोन अशा लढतीच्या ७७७६ शक्यतांपैकी २८९० मध्ये आक्रमक दोन तुकड्या मारतो, २२७५ मध्ये स्वतः दोन गमावतो आणि २६११ मध्ये दोघांची एकेक तुकडी जाते. म्हणजे बरोबरीचा नियम विरोधात असूनही पुरेसे सैन्य असलेल्या आक्रमकाचेच पारडे किंचित जड राहते. इटालियन आवृत्तीत बचावालाही तीन फासे दिले आहेत. तेवढ्याने हे पारडे बचावाकडे झुकते.

याहून बोलका नियम पत्त्यांचा आहे. पाळीत किमान एक प्रदेश जिंकला तरच एक पत्ता मिळतो. ठरावीक तीन पत्त्यांचा संच दिला की तुकड्या मिळतात. अमेरिकन नियमांप्रमाणे पहिल्या संचाला ४, मग ६, ८, १०, १२, १५ आणि पुढे प्रत्येक वेळी पाच अधिक. शिवाय एखाद्याचा शेवटचा प्रदेश जिंकणाऱ्याला त्याचे सर्व पत्ते मिळतात. परिणामी आपली सीमा राखून स्वस्थ बसणारा मागे पडतो आणि दुबळ्याला संपविणे सर्वांत किफायतशीर ठरते. खेळाडू आपसांत तह करतात, पण तो पाळण्याचे बंधन घालणारा नियम नाही. अखेर एकालाच जिंकावयाचे असल्याने प्रत्येक तह मोडण्यासाठीच केलेला असतो.

नकाशाचे मौन

नियमांत जे आहे त्याइतकेच जे नाही तेही अर्थपूर्ण आहे. या पटावर सैन्य आहे, प्रजा नाही. जिंकलेला प्रदेश पुढच्याच पाळीपासून जेत्याच्या तुकड्यांच्या हिशेबात धरला जातो. तेथे एक तुकडी मागे ठेवली की काम भागते. तो कधी बंड करीत नाही, कर नाकारीत नाही, दुष्काळात उपाशी मरत नाही. राज्य करण्याचा खर्चच नसल्यामुळे राज्य मिळविणे हा निव्वळ लाभ ठरतो. हा खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा १८५७ च्या उठावाला शंभर वर्षे होत होती. त्या उठावासारख्या घटनेला या नियमांत मुळी जागाच नाही.

भारताचे पटावरील स्थान या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मध्यपूर्व, अफगाणिस्तान, चीन व सयाम हे त्याचे शेजारी, म्हणजे चारही वाटा खुष्कीच्या. समुद्रमार्गाच्या रेषा ब्राझील व उत्तर आफ्रिका किंवा अलास्का व कामचात्का यांच्यामध्ये आहेत, पण भारताला एकही नाही. ब्रिटनमधून भारतात यावयाचे तर उत्तर युरोप, युक्रेन व अफगाणिस्तान जिंकीत यावे लागते. इतिहासात मात्र १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला तो समुद्रमार्गाने. १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेले तेही आरमाराच्या बळावर. आणि इंग्रज सुरतेला वखार घालून बसले ते व्यापारी म्हणून. वखार, कर्ज, फितुरी, तैनाती फौज या साम्राज्याच्या खऱ्या हत्यारांची नोंद फाशांत होत नाही.

एक आक्षेप

‘हा तर खेळ आहे, बुद्धिबळातही प्यादी मरतात’, असा आक्षेप येथे घेता येईल. त्यात तथ्य आहे. ज्या चतुरंगातून बुद्धिबळ आले असे मानले जाते, त्यातही सैन्याचीच अंगे होती. परंतु बुद्धिबळाच्या ६४ घरांना देशांची नावे नाहीत. ‘रिस्क’च्या घरांना खऱ्या भूमीची नावे आहेत आणि तिथे खरी माणसे राहतात. नाव उसने घेतले की त्यासोबत येणाऱ्या इतिहासाचा प्रश्नही ओघाने येतोच. पश्चिम जर्मनीत १९८०च्या दशकात या खेळावर आक्षेप घेतला गेला आणि तेथील नियमपुस्तिकेत प्रदेश ‘जिंकण्या’ऐवजी ‘मुक्त करण्या’ची भाषा आली. फाशांचा हिशेब मात्र तसाच राहिला. शब्द बदलले तरी अर्थ बदलला नाही, कारण अर्थ नियमांत होता.

समारोप

वरील विवेचनावरून हा खेळ त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. लहान भूमी राखण्याचे मोल, अतिविस्ताराचा धोका आणि शक्यतांचा हिशेब या गोष्टी तो चांगल्या शिकवितो. २०११ च्या ‘रिस्क लेगसी’ या आवृत्तीत एका डावातील घटनांच्या खुणा पटावर कायम राहतात व पुढचा डाव त्याच पटावर मांडावा लागतो. भूमीला स्मृती असते, हे नियमांतून सांगता येते याचा तो पुरावा होय. इतिहासाच्या वर्गात हा पट मांडण्यास हरकत नाही. डाव संपल्यावर एक प्रश्न मात्र विद्यार्थ्यांना विचारावा : जिंकलेल्या ४२ प्रदेशांतील माणसांनाही एक पाळी द्यावयाची झाली, तर कोणता नियम बदलावा लागेल? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना विद्यार्थी साम्राज्याचा इतिहास जेत्याच्या बाजूने न वाचता पटावर ज्यांना सोंगटीसुद्धा नाही त्यांच्या बाजूने वाचू लागेल.