धुतलेलं मीठ

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सुरुवातीलाच त्यांचे वडील भेटतात. गाव नाशिकजवळचं जलालपूर. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. जावयाने त्याची अशी धास्ती घेतली की त्याचं मन सोवळ्यात जाऊन बसलं. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवून घ्यायची, अगदी मीठसुद्धा. त्यात घरातल्या बायकामुलांचे जे हाल झाले ते लक्ष्मीबाई अशा काही सांगतात की वाचक हसतो आणि हसत हसतच पान उलटतो.

या खेपेला मला ते पान उलटवेना. पुस्तक घेऊन मी डहाणू तालुक्यातल्या सायवनला बसलो होतो आणि भीतीने घर कसं आजारी पडतं ते या मुलखाने नुकतंच पाहिलं होतं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या बाजूला ते फार. पुढच्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला तर एका दिवसात अनेक बसले. थंडीचे दिवस, तरी माणसं पोरंबाळं घेऊन अंगणात, शेतात, तंबूत निजली. ज्या भिंतींच्या आसऱ्याला जायचं त्यांचंच भय. भय कुठून येतं ते कळेनासं झालं की माणूस काहीतरी धुवायला घेतो, हे मला तेव्हा उमगलं. ते मीठ विनोदासाठी आलेलं नाही. सबंध पुस्तकाची किल्ली तिथे ठेवली आहे.

‘स्मृतिचित्रे’च्या विनोदाचं कौतुक पुष्कळ झालं आणि ते रास्तच आहे. पण त्या कौतुकाखाली पुस्तकाची चाल झाकली जाते. भीतीपोटी दार लावून घेतलेल्या घरात जन्मलेली मनकर्णिका, म्हणजे माहेरच्या लक्ष्मीबाई, ज्याचं दार कुणालाही बंद नाही अशा घराची मालकीण कशी झाली, याची ही गोष्ट आहे. मधली वाट सोपी नव्हती. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा कवी, शीघ्रकोपी, हातात पैसा न टिकणारा. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या माणसाने त्याच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. डोंगरावरचं प्रवचन वाचताना नारायण वामन टिळक हलून गेले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बायको मागे राहिली, पदरात लहानगा दत्तू.

पुढची पाच वर्षं हा माझ्या मते पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग. नवरा जिवंत, पण जातीबाहेर. बायको सवाष्ण, पण घर नाही. पंढरपुरात नातलगांच्या आधाराने ती दिवस काढते. याच दुःखात तिला कविता सुचू लागल्या. एरवी कुणीही हे प्रकरण अश्रूंनी भिजवलं असतं. लक्ष्मीबाई मात्र त्या दिवसांतलं जेवणखाण, बोलणी, भांडणं, गाडीचा प्रवास सांगत राहतात. स्वतःच्या वेड्यासारख्या वागण्यालाही त्या सोडत नाहीत. वाक्यं लहान, क्रियापदं घरगुती. उपमा आलीच तर चुलीपलीकडे जात नाही. नवऱ्याने लिहावाचायला शिकवलेल्या बाईने म्हातारपणी लिहिलेली ही भाषा आहे आणि तिच्यात रडण्याला जागाच ठेवलेली नाही. दुःख सांगणारी ही बाई त्या दुःखाच्या पलीकडे जाऊन बसली आहे, हे वाचकाला प्रत्येक ओळीत कळत राहतं. संकटाच्या मध्यावरही वाचकाला धीर येतो तो यामुळे. आशेवर एक शब्द खर्च न करता आशा दाखवण्याची ही रीत मराठीत दुसऱ्या कुणाला इतकी साधलेली मला माहीत नाही.

मग नगर, राहुरी. ती नवऱ्याकडे परत आली ती धर्म सांभाळूनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. एक दिवस तिच्या मनात विचार उभा राहिला: या जाती देवाने केल्या की माणसांनी? माणसांनीच, असं उत्तर आलं आणि सोवळं गळून पडलं. तिथे आकाशवाणी नाही, साक्षात्काराचा उजेड नाही. बापाला जन्मभर जे सुटलं नाही ते मुलीच्या हातून एका विचारासरशी सुटलं. १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला. पण माझ्या लेखी तिच्या श्रद्धेचा जन्म त्या आधीचा, कुणाच्याही हातचं खायला ती तयार झाली त्या घडीचा. पुढे दुष्काळात पोरकी झालेली मुलं तिच्या घरात वाढली. त्र्यंबक ठोमरे, म्हणजे बालकवी, याच घरी राहिले. प्लेगच्या दिवसांत लोक आपल्या माणसालाही हात लावायला धजत नव्हते, तेव्हा ही बाई आजाऱ्यांपाशी राहिली. मीठ धुणाऱ्याची मुलगी गाठ आलेल्या परक्याच्या उशाशी बसते. हे अंतर लक्ष्मीबाईंनी स्वतः कुठे मोजून दाखवलेलं नाही. ते आपण मोजायचं.

मी टिळकांची गीतं प्रार्थनेत गात वाढलो. ‘उपासना संगीत’ उघडलं की आजही त्यांचं नाव पानोपानी दिसतं. अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताला आळवणाऱ्या त्या गीतांनी मला पुष्कळदा सावरलं आहे. तरी रात्री जमीन हलते तेव्हा मला आठवतात त्या लक्ष्मीबाई. गीत धीर देतं. लक्ष्मीबाई उठवून कामाला लावतात, शेजाऱ्याचं पोर कुठे निजलंय ते बघायला सांगतात. मला ख्रिस्ताची शिकवण अशीच कळते.

या मुलखात बसून आणखी एका पुस्तकाशी ‘स्मृतिचित्रे’ ताडून पाहिल्याशिवाय राहवत नाही. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. ते याच मातीतलं, इथल्या वारल्यांच्या लढ्याचं. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरीला वारली जमले आणि वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. लग्नाच्या कर्जापायी नवराबायकोने जन्मभर सावकाराकडे राबायचं, असे लग्नगडी तेव्हा इथे होते. गोदावरीबाईंच्या पुस्तकात देव नाही, लाल बावटा आहे. दोघींच्या वाटा एकमेकींना कुठेच मिळत नाहीत आणि त्या ओढूनताणून मिळवूही नयेत. पण दोन्ही पुस्तकांत सगळ्यात आधी मोडते ती भीती. बाकीचं सगळं, मजुरी असो की बाप्तिस्मा, त्यानंतर येतं. आज तलासरीत लाल बावट्याच्या कचेऱ्या आहेत आणि ख्रिस्ती मिशनचं ज्ञानमाता सदनही आहे. पाड्यावरच्या पोराला ही दोन्ही पुस्तकं वाचायला मिळावीत असं मला मनापासून वाटतं.

‘स्मृतिचित्रे’त एक उणीव मला जाणवते. टिळकांच्या मनातली उलघाल, शेवटच्या वर्षांत मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडण्याची त्यांची धडपड, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या सगळ्यांना ख्रिस्ताभोवती एकत्र बसवण्याची त्यांची आस, हे सगळं लक्ष्मीबाईंच्या कथनात कडेकडेने येतं. त्यांना माणूस दिसतो, त्याचा विचार तितका दिसत नाही. आणखी थोडं हवं होतं. पण त्यासाठी त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात बोलावं लागलं असतं.

९ मे १९१९ ला टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांनी आरंभलेलं महाकाव्य अपुरं राहिलं होतं. अक्षरं उशिरा शिकलेल्या त्यांच्या बायकोने ते पुरं केलं. २४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई नाशिकला वारल्या आणि ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये छापून निघालं.