पश्चिमेचा अर्थ आणि एक लहान शहर : कॉर्निंग येथील रॉकवेल संग्रहालयाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

मराठी कलासमीक्षेत 'पाश्चात्त्य कला' हा शब्दप्रयोग युरोपीय परंपरेसाठी रूढ झालेला आहे. अमेरिकेत 'वेस्टर्न आर्ट' या संज्ञेला याहून सर्वस्वी निराळा असा आणखी एक अर्थ आहे. मिसिसिपी नदीपलीकडील पठारे व पर्वत, गुराखी, घोडदळ, बायसनचे कळप आणि मूलनिवासी जमाती यांचे चित्रण करणारी कला, असा तो अर्थ होय. या कलेचा एक महत्त्वाचा संग्रह अमेरिकेच्या पूर्व भागात, न्यू यॉर्क राज्यातील कॉर्निंग या सुमारे १० हजार लोकवस्तीच्या शहरात आहे. पेनसिल्वेनियाच्या सीमेनजीकचे हे शहर काचनिर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. पश्चिमेची कला तेथे परकी ठरते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संग्राहक आणि संग्रह

संग्रहालयाचे मूळ एका व्यापाऱ्याच्या आवडीत आहे. रॉबर्ट एफ. रॉकवेल (कनिष्ठ) हे कॉर्निंगमध्ये बहुविध वस्तूंचे मोठे दुकान चालवीत. कोलोरॅडोशी कौटुंबिक संबंध असलेल्या या गृहस्थांनी पश्चिमेची चित्रे व शिल्पे जमविली आणि आपल्या दुकानातच मांडली. रोजच्या खरेदीसाठी आलेल्या ग्राहकाला कापडचोपडाबरोबर चित्रेही पाहावयास मिळत. १९७२ मध्ये 'ॲग्नेस' चक्रीवादळामुळे आलेल्या महापुराने कॉर्निंगची मोठी हानी केली. त्यानंतरच्या पुनर्उभारणीच्या काळात, १९७६ मध्ये, संग्रहालय सुरू झाले. पुढे कॉर्निंग ग्लास वर्क्स या उद्योगाच्या पुढाकाराने जुन्या नगरभवनाचे नूतनीकरण करण्यात आले आणि १९८२ मध्ये संग्रह त्या वास्तूत आला.

व्यापारी, उद्योग आणि नगर यांच्या सहकार्यातून संस्था उभी राहिली, ही गोष्ट निश्चितच स्पृहणीय आहे. तथापि संग्राहकाची आवड म्हणजे इतिहासाचे आकलन नव्हे. दुकानातील मांडणीत वस्तूचे आकर्षण पुरेसे असते. संग्रहालयाला मात्र त्या आकर्षणाचे कारणही सांगावे लागते.

१८९३ : वास्तू आणि सिद्धान्त

जुने नगरभवन १८९३ मध्ये बांधले गेले. याच वर्षी शिकागो येथे फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला. अमेरिकन लोकशाही व स्वभाव यांची घडण सतत पश्चिमेकडे सरकत गेलेल्या सीमाप्रदेशाने केली, असे त्याचे प्रतिपादन होते. १८९० च्या जनगणनेनुसार ही सीमारेषा संपुष्टात आली होती. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, पण त्यांचा समकालीनपणा अर्थपूर्ण आहे. ज्या काळात पश्चिम ही भूमी न राहता स्मृती होऊ लागली, त्याच काळातील वास्तूत आज ती स्मृती जतन केलेली आहे.

या वास्तूच्या बाह्य भिंतीतून मुसंडी मारून बाहेर येणारे बायसनचे शिल्प रस्त्यावरील माणसाचे लक्ष वेधून घेते. त्यातील विनोद लहान मुलांनाही कळतो. परंतु एकेकाळी कोट्यवधींच्या संख्येने असलेला हा प्राणी १८८० च्या दशकाअखेर हजाराच्या आत येऊन ठेपला होता, हे लक्षात घेतले म्हणजे शिल्पाला दुसरा अर्थ प्राप्त होतो. प्रत्यक्षात नाहीसा केलेला प्राणी मानचिन्ह म्हणून परत आला आहे.

चित्रांची साक्ष

संग्रहातील अल्बर्ट बीअरस्टाट याचे 'माउंट व्हिटनी' हे भव्य चित्र १८७० च्या दशकातील आहे. जर्मनीत जन्मलेल्या या चित्रकाराने १८५९ मध्ये पश्चिमेचा पहिला प्रवास केला. प्रवासात अभ्यासचित्रे काढावयाची आणि भव्य चित्रे चित्रशाळेत पूर्ण करावयाची, ही त्याची पद्धती होती. त्यामुळे त्याच्या पर्वतांवरील प्रकाशात निरीक्षणाइतकाच रचनेचाही वाटा आहे. चित्राचे शीर्षकही निरागस नाही. १८६४ मध्ये सर्वेक्षण करणाऱ्या पथकाने आपल्या प्रमुखाचे, भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी याचे, नाव या शिखराला दिले. मूलनिवासींनी दिलेले नाव नकाशावरून बाजूला पडले. निर्मनुष्य भूमीचा आभास निर्माण करण्यात चित्रकाराची कुंचली आणि सर्वेक्षकाची लेखणी एकमेकींना पूरक ठरल्या.

फ्रेडरिक रेमिंग्टन याचे 'द विंटर कॅम्पेन' हे १९०९ मधील चित्र निराळ्या वृत्तीचे आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस या चित्रकाराचे निधन झाले. घोडदळाच्या मूलनिवासींविरुद्धच्या मोहिमा तोवर इतिहासजमा झाल्या होत्या. रेमिंग्टनच्या पूर्वीच्या चित्रांतील झुंज येथे नाही. थंडी, घोडे आणि सैनिक यांतून प्रतीक्षेचा भाव निर्माण होतो. परंतु मोहीम कोणाविरुद्ध, याचे उत्तर चौकटीच्या बाहेरच राहते. विशेष म्हणजे रेमिंग्टन हा न्यू यॉर्क राज्यातच जन्मला होता. पश्चिमेची प्रतिमा बव्हंशी पूर्वेच्या चित्रशाळांत व मासिकांत घडली, याचा तो ठळक पुरावा आहे.

१९९१ मध्ये वॉशिंग्टन येथील 'द वेस्ट ॲज अमेरिका' या प्रदर्शनाने अशा चित्रांचे विस्ताराच्या राजकारणाशी असलेले नाते उघडपणे मांडले. त्यावर उठलेले वादळ सिनेटपर्यंत पोहोचले. त्यानंतर अशा चित्रांची मांडणी करणाऱ्या कोणत्याही संग्रहालयाला केवळ 'रम्य' या विशेषणाचा आश्रय घेता येत नाही.

चेमुंग खोऱ्यातील पश्चिम

संग्रहालयाच्या नावात एकेकाळी 'पश्चिमी कला' असा उल्लेख होता. पुढे तो गळला आणि व्यापक अमेरिकन अनुभवावर भर देण्यात आला. समकालीन मूलनिवासी कलावंतांच्या कृतींनाही संग्रहात स्थान आहे. २०१५ मध्ये संस्था स्मिथ्सोनियनशी संलग्न झाली. हा विस्तार स्वागतार्ह आहे. मात्र त्यात एक धोका संभवतो. 'अमेरिकन' हा शब्द इतका मोठा आहे की त्याच्या पोटात 'पश्चिम' या शब्दाने उभा केलेला अडचणीचा प्रश्न विरून जाऊ शकतो.

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर शहराच्या भूमीतच आहे. कॉर्निंग चेमुंग नदीकाठी वसले आहे. याच नदीच्या खालच्या अंगाला, एल्मायराजवळ, २९ ऑगस्ट १७७९ रोजी न्यूटाउनची लढाई झाली. वॉशिंग्टनच्या आदेशावरून जनरल सलिव्हन याच्या सैन्याने इरोक्वा महासंघाची, म्हणजे हॉडेनोशोनी लोकांची, सुमारे ४० गावे जाळली आणि उभी पिके नष्ट केली. १७८८ च्या फेल्प्स-गोरम खरेदीनंतर या प्रदेशाचे वसाहतवाल्यांसाठी तुकडे पडले. पुढे शहराला नाव मिळाले ते ऑल्बनी येथील भांडवलदार इरॅस्टस कॉर्निंग याचे. मोहीम, मोजणी, खरेदी आणि नामकरण हा पश्चिमेतील पुढील घटनाक्रम येथे आधीच घडून गेला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे खोरे म्हणजेच 'पश्चिम' होते.

समारोप

या दृष्टीने पाहता रॉकवेल संग्रह कॉर्निंगमध्ये परका नाही. उलट डेन्व्हर किंवा मोंटाना येथे जे दाखविणे कठीण, ते येथे शक्य आहे. पश्चिम ही दिशा नसून सतत सरकत गेलेली एक प्रक्रिया होती आणि ती प्रेक्षकाच्या पायाखालूनही गेली होती, हे येथे दाखविता येते. 'माउंट व्हिटनी'चे नाव वाचणाऱ्याने आपल्या शहराच्या नावाकडे वळून पाहावे आणि 'द विंटर कॅम्पेन'समोर उभे राहणाऱ्याला १७७९ ची मोहीम आठवावी, असे घडले तर चित्रांचे सौंदर्य उणावणार नाही. त्या सौंदर्याची किंमत कोणी मोजली, एवढे मात्र कळेल. लहान शहरातील संग्रहालयाचे यश महानगरी संग्रहांची बरोबरी करण्यात नाही. आपण जेथे उभे आहोत त्या भूमीला प्रश्न विचारण्याचे धैर्य दाखविण्यात ते आहे, आणि रॉकवेल संग्रहालयाचे मूल्यमापन याच निकषावर व्हावयास हवे.