सर्वांच्या गळ्याची चाल

गेल्या वर्षी हिंगण्यातल्या एका शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. आम्ही सहज जाऊन बसलो. पन्नासएक मुलेमुली, एक पेटी आणि एक तबला. पट्टी धरली होती काळी पाच. मुलींचे ठीक चालले होते. पण अंतरा वर चढला की मागच्या रांगेतल्या, आवाज फुटू लागलेल्या मुलांची त्रेधा उडे. दोनतीनदा गाणे मोडले. तेव्हा त्या मुलांना सांगण्यात आले, "तुम्ही नुसते ओठ हलवा." मुले निमूटपणे ओठ हलवू लागली आणि गाणे सुरेल झाले!

वाचकहो, हे वाक्य लहानपणी ऐकले नाही असे आपल्यात किती निघतील? ते ऐकलेला माणूस पुढे जन्मभर "मला गाता येत नाही" असे सांगत फिरतो. पण त्या दिवशी दोष गळ्याचा होता की चालीचा, हे कुणी तपासले नाही. समूहगीत म्हणजे एकट्याचे गाणे पन्नास जणांनी म्हणणे, अशी आपली ठाम समजूत आहे. वास्तविक अनेकांसाठी चाल बांधणे ही निराळी विद्या आहे. आणि ती जाणणारा एक मोठा संगीतकार महाराष्ट्रात होऊन गेला, त्याच्या या कामाकडे मात्र आपण पुरेसे पाहिलेले नाही.

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (1898–1974) हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. ताना, मुरक्या, क्षणात डोळे मिचकावून जाणारी एखादी अवखळ जागा, हे त्यांच्या मैफलीचे वैभव. असा गवई समुदायासाठी चाल बांधायला बसतो तेव्हा त्याला आपले सगळे दागिने उतरवून ठेवावे लागतात. 'प्रभात'च्या 'शेजारी' (1941) मधले ते झगमगते समूहगीत आठवा. एकदा ऐकले की घरातले लहान पोरही ते गुणगुणू लागते. हे सोपेपण फार कष्टाचे असते.

त्यांची खरी कसोटी लागली ती 'वंदे मातरम्'च्या वेळी. हे गीत समुदायाला गाता येत नाही, बँडवर वाजवता येत नाही, असा आक्षेप होता. मास्तरांनी राग निवडला झिंझोटी. ही निवडच एखाद्या टीकालेखाच्या तोडीची आहे! दरबारीतला आंदोलित गंधार एक गवई घेईल, शंभर जण घेऊ लागले तर शंभर गंधार होतील. झिंझोटीत तसे काही नाही. कोमल निषाद सोडला तर बाकीचे स्वर शुद्ध, आणि सारे आपापल्या जागी ठाम. शिवाय या रागाचे घर खाली, मंद्र आणि मध्य सप्तकात आहे. मंद्र धैवतावरून षड्जाला येऊन रिषभ, मध्यम, गंधार अशी त्याची चालण्याची रीत. बायकांची सोयीची पट्टी साधारण काळी चार-पाच, पुरुषांची पांढरी एक ते काळी दोन; दोघांना एकत्र गायचे असेल तर चालीने उगाच तारसप्तकात धाव घेऊन भागत नाही. अंगणातली फुगडी माडीवर कशाला न्यायची?

ही चाल मास्तरांनी दिल्लीस जाऊन घटना समितीच्या सभासदांना ऐकवली. पण 1947 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 'जन गण मन' वाद्यवृंदावर वाजले होते आणि ते पसंत पडले होते. पंडित नेहरूंनी 25 ऑगस्ट 1948 रोजी आपल्या निवेदनात वाद्यवृंदाच्या सोयीचा मुद्दा मांडला. 24 जानेवारी 1950 रोजी 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरले व 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान मिळाला. मास्तर हरले असे कुणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. शास्त्रीय रागाला समुदायाच्या तोंडी बसवता येते, हे त्यांनी सिद्ध केले ते केलेच.

आणि 1956 साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विनंतीवरून पाली बुद्धवंदनेला स्वर दिले. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. ती दीक्षाभूमी आमच्या हिंगण्याहून फार लांब नाही. वंदना म्हणणारे लोक मैफलीचे श्रोते नव्हते. त्यांत शेतमजूर होते, गिरणीकामगार होते, म्हाताऱ्या बाया होत्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना देवळाबाहेर उभे केले गेले, त्यांच्यासाठी ही चाल बांधायची होती. इथे कुणाला "नुसते ओठ हलवा" असे सांगणे हे पापच ठरले असते. समूहगानाचा धर्म याहून स्पष्ट कुठे दिसेल?

तरीही एक उणीव नोंदवली पाहिजे. आपले समूहगान बहुतांशी एकाच चालीवर थांबते. सारे एकच ओळ गातात. युरोपात बाखसारख्या संगीतकाराने मंडळींच्या ओळखीच्या प्रार्थनागीताखाली आणखी तीन आवाज रचले. जाड्या आवाजाच्या माणसाला तिथे स्वतःची ओळ मिळाली. शेजारच्या गोव्यात मांडो गाताना दुसरा आवाज पहिल्याच्या बरोबरीने थोडे अंतर राखून चालतो. आपल्याकडे हे यायचे तर राग मोडेल, ही भीती खोटी नाही. स्वरांचे थर चढवले की रागाचा चेहरा पुसट होतो. पण आपल्या घरातही काही ठेवा आहे. पोवाड्यात झीलकरी आहेत. भजनात बुवांची ओळ झेलणारे टाळकरी आहेत. आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) खंजिरीच्या साथीने याच विदर्भातल्या खेड्यापाड्यांत सामुदायिक प्रार्थना रुजवली. झील हाच आपला दुसरा आवाज. नव्या संगीतकाराने तो नुसता साथीला न ठेवता रचनेत घ्यावा, एवढेच आमचे मागणे.

हिंगण्याच्या तालमीत शेवटी आम्ही भीत भीत सुचवले की, पट्टी दोन सूर खाली घ्या आणि अंतऱ्याला त्या मुलांना खालचा षड्ज धरू द्या. शिकवणारे भले गृहस्थ होते, त्यांनी ऐकले. पहिल्यांदा पोरे लाजली, मग धीर करून त्यांनी आवाज लावला. षड्ज काही फार स्थिर नव्हता. पण वरची मुलींची ओळ एकदम भरदार वाटू लागली, आणि मागच्या रांगेतला एक पोर्‍या शेजाऱ्याकडे पाहून हसला.

यंदा दिवाळीच्या एखाद्या संध्याकाळी आपल्याही घरी चार माणसे गायला बसतील. पट्टी ठरवताना आधी आजोबांना विचारा.