झावळ्यांचे भाडे

झावळ्यांच्या छपराखाली झोपायचे पैसे पडतात, आणि तेही डॉलरमध्ये, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळले. आमच्या रत्नागिरीकडच्या घराच्या पडवीवर झावळ्यांचे झापच होते. दर वैशाखात ते शाकारताना वडील घामाघूम होत आणि आई देवाकडे एकच मागणे मागे, "एकदा कौलं चढू देत रे बाबा!" १९७८ साली कौले चढली तेव्हा तिने आळीभर पेढे वाटले. पुढे कौलांच्या जागी मी स्लॅब टाकला तेव्हा गावजेवण घातले. अशा घराण्यातला मी, मुद्दाम समुद्र ओलांडून चार रात्री झावळ्यांखाली राहून आलो, त्याचे हे परीक्षण. नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, मग छपराचे का नको?

आमचा पुतण्या दार-एस-सलामला नोकरीला आहे. तिथून बोटीने दोनेक तासांत झांझिबार, आणि पुढे मोटारीने तासाभराने बेटाचा पूर्व किनारा. त्याने आमच्यासाठी ठरवलेली जागा म्हणजे 'इको-लॉज' होती. म्हणजे काय रे, असे मी विचारले. "काका, तिथे एसी नसतो आणि गावाचं भलं होतं," तो म्हणाला. एसी नसण्याने गावाचे भले होत असते तर आमच्या गावाचे एव्हाना सोने व्हायला हवे होते. पण आमंत्रण त्याचे आणि खर्चही त्याचा, म्हणून मी हे मनातच ठेवले.

खोली म्हणजे प्रवाळाच्या दगडाच्या, चुन्याने सांधलेल्या भिंती आणि वर माडाच्या झावळ्यांचे छप्पर. या छपराला तिकडे माकुती म्हणतात. आत मच्छरदाणी, पाण्याचा माठ आणि नियमांची पुस्तिका. बेटावर गोडे पाणी थोडे, तेव्हा जपून वापरा. वस्ती जवळजवळ सगळी मुसलमानांची, तेव्हा गावात अंग झाकून फिरा. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. मुलांना गोळ्या वाटू नका. सगळे नियम वाजवी होते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. प्लॅस्टिकची पिशवी तर आणूच नये, कारण झांझिबारने ती २००६ सालीच बंद केली. आमच्या महाराष्ट्रात बंदी आली २०१८ साली, आणि ही अजून एका पिशवीत चाळीस पिशव्या जपून ठेवते. ती बंदीला जुमानत नाही असे नाही. तिच्या मते तो प्लॅस्टिकचा प्रश्न नसून संसाराचा आहे.

आता परीक्षणातला नाजूक भाग. शौचकूपात पाण्याऐवजी लाकडाचा भुसा टाकायचा, पुढे त्याचे खत होते. तत्त्व उत्तम. पण तत्त्वाशेजारी होते नुसते कागदाचे भेंडोळे! तांब्याविषयी काही उल्लेख सापडतो का, म्हणून मी पुस्तिका दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी काही न सांगता, खोलीची झाडलोट करणाऱ्या बाईने दाराशी पाण्याने भरलेला डबा आणून ठेवला. तिच्याही घरी पाणीच लागते. दोन खंडांमधले संबंध इतक्या कमी शब्दांत जुळल्याचे दुसरे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

तिला हाक काय मारायची? "दादा म्हणा," पुतण्या म्हणाला. स्वाहिलीत दादा म्हणजे ताई, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई! त्यामुळे ती हिला 'मामा' म्हणे, पुतण्याला 'काका' म्हणे, आणि पुतण्याने मला 'काका' म्हणून हाक मारली की तिला हसू आवरेना. मला मात्र तिने 'बाबू' केले. तीस वर्षे हापिसात बाबूगिरी केलेल्या माणसाचा चेहरा पडला, तेव्हा पुतण्याने खुलासा केला की बाबू म्हणजे आजोबा. चेहरा आणखी पडला.

नाती अशी उलटीपालटी, पण वस्तू सगळ्या ओळखीच्या. स्वयंपाकघरात बसायच्या लाकडाला दातेरी पाते लावलेली खवणी. तिला म्हणतात म्बुझी, म्हणजे बकरी. नारळाच्या दुधातला भात, चपाती, कांदा-टोमॅटोचे कचुंबर, वर चहा. घरांपुढे दगडी ओटा, त्याचे नाव बराझा, आणि ओट्यावर आमच्या आळीत चालत तशाच गप्पा. "एवढं विमान-बोट करून आपण कोकणातच आलो की काय?" असे ही दोनदा म्हणाली. एक गोष्ट मात्र आपल्याकडे नाही. बायका अंगाभोवती कान्गा नावाचे छापील वस्त्र गुंडाळतात आणि त्यावर एखादी म्हण छापलेली असते. तोंडाने बोलायचे नाही ते वस्त्राने बोलायचे. हिने दोन विकत घेतले. त्यांवर काय लिहिले आहे, ते मला अजून सांगितलेले नाही.

ओहोटीला इथला समुद्र किलोमीटरभर मागे जातो आणि लाटा दूर प्रवाळाच्या रांगेवर फुटताना नुसत्या दिसतात. उघड्या पडलेल्या वाळूत गावच्या बायका खुंट्या ठोकून, दोऱ्या ताणून, त्यांवर समुद्री शेवाळ लावतात. ही शेती पाजे आणि जाम्बियानी या गावांत १९८९च्या सुमारास सुरू झाली. त्या शेवाळातून निघणारा पदार्थ आइस्क्रीम आणि टूथपेस्ट दाट करायला लागतो. लांबून फार सुंदर दृश्य दिसते. जवळून पाहिले तर बाई गुडघाभर खाऱ्या पाण्यात कमरेत वाकलेली असते. त्यातच पाणी तापू लागल्यापासून जास्त भावाची जात धड जगत नाही. आमची दादाही पूर्वी हेच करी. लॉजवरचे काम सावलीतले आणि महिन्याच्या पगाराचे, म्हणून ती इकडे आली. लॉजला एक गुण इथेच देऊन टाकतो.

लॉजचे मालक म्हणजे एक गोरे जोडपे, माणसे सज्जन. मासळी गावातल्या होड्यांची, नोकरमाणसे गावातली, पावसाचे पाणी साठवायला टाकी. गावच्या मुलांसाठी पुस्तकांचे कपाटही ठेवले होते. पाहुणे मागे ठेवून गेलेल्या जर्मन कादंबऱ्या त्यात ओळीने लावल्या होत्या. जेवताना मालकांनी एक खंत बोलून दाखवली. गावातले लोक माकुती काढून पत्रे घालू लागले आहेत. घरे तापतात, किनाऱ्याची शोभा जाते. मी मान डोलावली. खोबऱ्याच्या रश्शातला ऑक्टोपस समोर असताना माणूस कशालाही मान डोलावतो.

तिसऱ्या संध्याकाळी दादा बराझावर बसली होती. पुतण्या दुभाष्या. बोलता बोलता कळले, ती पगारातून पैसे साठवते आहे. कशासाठी? माबातीसाठी. माबाती म्हणजे पत्रे.

झाले! कालचे भाषण माझ्या तोंडून आपोआप सुरू झाले. झावळ्यांखाली गारवा किती, पावसाचा आवाज कसा मऊ, पत्र्याखाली माणूस कसा भाजून निघतो. दादाने सगळे शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला. पुतण्याने त्यातला एक शब्दही न गाळता मराठी केले:

"बाबू, तुमच्या घरावर काय आहे?"

"स्लॅब," मी म्हणालो आणि हात सपाट धरून दाखवला. पुढचे भाषांतर करायची वेळ आली नाही.

मग मला आईची पातेली आठवली. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर पडवीत ठिकठिकाणी मांडलेली, आणि रात्रभर त्यांत ठिबकणारे पाणी. तो आवाजही मऊच होता; आईला मात्र तो कधी गोड लागला नाही. झावळ्या काही वर्षांत कुजतात, पुन्हा झाप विणावे लागतात, नाहीतर विकत आणावे लागतात. लॉजला ते परवडते, कारण आम्ही भाडे देतो. दादाच्या छपराचे भाडे कोण देणार? तेव्हा माझा आक्षेप छपराला नाही. छप्पर उत्तमच होते. आक्षेप इतकाच, की साधेपणा ज्याला परतीचे तिकीट आहे त्यालाच रम्य वाटतो, आणि शेजाऱ्याने आपल्या शोभेसाठी तो जन्मभर सांभाळावा, अशी आपली अपेक्षा असते. गावाचे भले करायचे तर गावाला काय हवे ते आधी विचारावे लागते, आणि उत्तर पत्रे असे आले तर ते गिळावेही लागते.

निघताना अभिप्रायाची वही पुढे आली. मी लिहिले, "छप्पर उत्तम. भाड्यातून दरवर्षी गावातल्या एका घराला त्याला हवे ते छप्पर द्यावे." पुतण्याने खाली इंग्रजी केले. मालकांनी वाचले, विचार करू म्हणाले. समाजकार्य करून आल्याच्या थाटात मी मोटारीत बसलो.

"अहो," ही म्हणाली, "आपल्या भांडीवाल्या बाईंच्या घरावर काय आहे हो?"

बावीस वर्षे त्या आमच्याकडे येताहेत. मला सांगता येईना.

परत आल्यावर विचारले. पत्रेच आहेत. गळतात.