‘प्रच्छन्न’च्या विरुद्ध काय? : इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी प्रतिशब्द

प्रस्तावना

जे लपलेले नाही किंवा ज्याने वेषांतर केलेले नाही, त्यासाठी इंग्रजीत ओव्हर्ट, मॅनिफेस्ट, पेटंट, ऑब्व्हियस, ब्लेटंट, कॉन्स्पिक्युअस असे अनेक शब्द आहेत. मराठी पाठ्यपुस्तकांत व अनुवादांत मात्र या सर्वांचे काम बहुधा ‘उघड’ आणि ‘स्पष्ट’ हे दोनच शब्द करतात. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला व कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले. प्रतिशब्द घडविण्याची परंपरा अशी दीर्घ आहे. तरीही लाखनीसारख्या तालुक्याच्या गावी मराठीतून सामाजिक शास्त्रे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या शब्दांतील भेद क्वचितच कळतो. हा दोष मराठीच्या दारिद्र्याचा की प्रतिशब्द-योजनेचा, हे तपासणे आवश्यक ठरते.

मूळ अर्थांतील भेद

हे शब्द समानार्थी वाटले तरी त्यांची मुळे भिन्न आहेत. ‘मॅनिफेस्ट’च्या मुळाशी हात या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. हाती सापडलेले, म्हणजे मराठीतील ‘रंगेहाथ’च्या जवळचे, ते मॅनिफेस्ट. ‘ऑब्व्हियस’ म्हणजे वाटेत आडवे आलेले. मराठीतही गोष्ट ‘चव्हाट्यावर’ येते, म्हणजे चार वाटा मिळतात तेथे येते. ‘ब्लेटंट’ हा शब्द एडमंड स्पेन्सरच्या ‘द फेअरी क्वीन’ या महाकाव्याच्या १५९६ मधील भागात एका निंदक पशूच्या नावात येतो. त्याचा आरंभीचा रोख दिसण्यापेक्षा गोंगाटाकडे होता. ‘धडधडीत खोटे’ या मराठी प्रयोगातही नादच आहे. सारांश, मराठीत या छटा आहेत, परंतु परिभाषेत त्यांना प्रवेश मिळालेला नाही.

कायद्याची परिभाषा : पेटंट

‘पेटंट’ हा शब्द उघडे असणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. ‘लेटर्स पेटंट’ म्हणजे मोहोर लावून बंद न केलेले, सर्वांनी वाचावे असे राजपत्र. नागपूरचे उच्च न्यायालय १९३६ साली अशाच पत्राने अस्तित्वात आले आणि भंडारा जिल्हा त्याच्या अधिकारक्षेत्रात होता. आजही ‘लेटर्स पेटंट अपील’ ही संज्ञा वकिलांच्या नित्य वापरात आहे. शोधाच्या पेटंटमध्येही हाच भाव टिकून आहे. संशोधकाने आपला शोध तपशीलवार जाहीर करावा आणि त्या बदल्यात त्याला मर्यादित काळाचा अनन्य हक्क मिळावा, असा हा व्यवहार आहे. भारतात ही मुदत २० वर्षे आहे. ‘एकस्व’ हा मराठी प्रतिशब्द त्यातील हक्क सांगतो, परंतु उघड करण्याची अट गाळतो. बोलीत तर ‘त्याचे पेटंट वाक्य’ म्हणजे त्याचे ठरलेले वाक्य. तेथे दोन्ही अर्थ मावळले आहेत.

सामाजिक शास्त्रे : मॅनिफेस्ट आणि डिस्गाइज्ड

रॉबर्ट मर्टन यांनी १९४९ मध्ये ‘मॅनिफेस्ट’ व ‘लेटंट’ प्रकार्यांचा भेद मांडला. संबंधितांना अभिप्रेत व ज्ञात असलेले परिणाम पहिल्या प्रकारात येतात, तर अभिप्रेत नसलेले व लक्षात न आलेले परिणाम दुसऱ्या प्रकारात. झाडीपट्टीत दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईचे ज्ञात प्रयोजन करमणूक व खरेदी-विक्री हे होय. त्याच गर्दीत गावोगावचे आप्तसंबंध दृढ होतात, हे कोणी योजलेले नसते. मात्र त्याच मंडईत वधू-वर पाहण्याच्या हेतूने कोणी आले, तर त्याच्यापुरते ते प्रयोजनही मॅनिफेस्ट ठरते. निकष डोळ्यांना दिसण्याचा नसून हेतू व जाणीव यांचा आहे. ‘उघड प्रकार्य’ या शब्दयोजनेने हा निकषच हरवतो. ‘प्रकट’ त्याहून बरा, परंतु ‘अभिप्रेत’ची जोड दिल्याशिवाय तोही अपुरा आहे.

जोन रॉबिन्सन यांनी १९३६ मध्ये ‘डिस्गाइज्ड अनएम्प्लॉयमेंट’ ही संज्ञा वापरली. पुढे ती अविकसित देशांतील शेतीला लावली गेली. तीन माणसांच्या धानशेतीत पाच जण राबतात, तेव्हा बेकारी कामकऱ्याच्या वेषात वावरते. ‘छुपी बेकारी’ म्हटल्यास कोणीतरी काही लपविल्याचा भास होतो. वास्तविक येथे लपविणारा कोणी नाही, कारण राबणारी माणसे सर्वांसमोर राबत असतात. म्हणून ‘प्रच्छन्न’ हा शब्द अधिक योग्य होय आणि त्याच्यासमोर ‘उघड बेकारी’ हा प्रयोग सार्थ ठरतो.

निष्कर्ष

प्रतिशब्द ठरविताना ‘लपलेले आहे की नाही’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. कोणी उघडले, कोणासाठी उघडले आणि कोणत्या वृत्तीने उघडले, हेही पाहावे लागते. आपोआप समोर असते ते उघड. आतून बाहेर येते ते प्रकट. लोकांसाठी घोषित होते ते जाहीर. लक्ष वेधण्यासाठी केले जाते ते दिखाऊ. आणि लाज सोडून केले जाते ते राजरोस. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांच्या १८९९ मधील ‘कॉन्स्पिक्युअस कन्झम्प्शन’ला ‘दिखाऊ उपभोग’ हा शब्द शोभतो तो याच कारणाने. ‘स्पष्ट उपभोग’ निरर्थक ठरला असता. तात्पर्य, उणीव शब्दभांडाराची नसून निवडीची आहे. ही निवड कोशकारावर सोपवून अध्यापकाला मोकळे होता येत नाही, कारण वर्गात विद्यार्थ्यापुढे संज्ञा प्रथम तोच उलगडतो. चुकीच्या प्रतिशब्दाने तेथे झाकलेला अर्थ विद्यार्थ्याला परीक्षेपुरता पाठ होतो, पण समजत नाही.